वहिनी, आजार अल्पसा नव्हता

वहिनी,

तुम्ही गेल्याचा निरोप मीच लिहिला. हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर उभं राहून, ऋचाच्या फोनवरून. सव्वीस शब्द होते. पाठवण्याआधी दोनदा तपासले. तुमचं नाव, वय, अंत्यविधीची वेळ, टॅम्पिनीसहून बस किती वाजता सुटेल, सगळं बरोबर होतं. एक शब्द तेवढा खोटा होता. ‘अल्पशा आजाराने’ यातला ‘अल्पशा’.

तो कसा आला ते मला सांगता येतं. लग्नपत्रिकेवर गणपती येतो तसा निधनाच्या निरोपात हा शब्द येतो. कुणी मुद्दाम घालत नाही आणि कुणी मुद्दाम काढत नाही. दादाच्या निरोपातही मी तोच लिहिला होता. पण दादा जेवता जेवता उठला आणि चाळीस मिनिटांत गेला, तिथे तो खरा होता. तुमच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत चौदा महिने होतात. त्यांतले पहिले दहा महिने तुमच्याशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं. आणि त्या दहा महिन्यांत दर शनिवारी सकाळी दोन तास मी तुमच्यासमोर बसत होतो.

शिवाय असं लिहू नका हे तुम्ही मला सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं.

आता इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात तुमच्यावर लेख हवा आहे आणि तो मी लिहावा असं ठरलं आहे. मी लेखक नाही. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात तपासणी विभागात चोवीस वर्षं काढलेला माणूस आहे. तरी हो म्हटलं आणि सांगलीला आक्काला फोन केला. ती आपल्या घरात वयाने मोठी, तिला विचारल्याशिवाय मी काही छापत नाही.

“लिही की,” आक्का म्हणाली. “सुलभाची हुशारी लिही, दादाच्या माघारी घर कसं धरून ठेवलं ते लिही. पण आजाराचं नाव कशाला? त्या जागेचं नाव अंकात छापून यायचं? पोराटोरांच्या हाती पडतो अंक.”

“नुसतं कॅन्सर म्हटलं तर?”

“म्हण. कुठला ते कुणी विचारत नाही. आणि विचारलंच तर पोटाचा म्हण. पोटातच असतं की ते.”

मी हे ऋचाला सांगितलं. तुमची लेक बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. ती तुमच्यासारखीच आधी मान हलवते आणि मग बोलते.

“पोटाचा? सीरियसली, काका? लोक जे बोलत नाहीत ते शोधायचं, आईने तेवढंच केलं. अँड फॉर हर यू वॉन्ट टू राइट पोटाचा?” मग बाळाची पाठ थोपटत म्हणाली, “यू डिसाइड लाह. बट आय विल रीड इट.”

म्हणून हा लेख तुम्हालाच लिहितो आहे. तुमच्याबद्दल लिहायला बसलो की मी परत ‘अल्पशा’ लिहीन, अशी मला भीती आहे. तुमच्या तोंडावर तसं लिहायचं मला धाडस होणार नाही.

तुमचा तो प्रबंधाच्या कागदांचा खोका सत्तावीस वर्षं, आधी पुण्यात आणि मग इथे तुमच्या घरातल्या शेल्टरमध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, जुन्या सूटकेसा आणि पापडाच्या डब्यांच्या मागे पडून होता. पुण्याला कॉलेजात शिकवताना तुम्ही प्रबंधाला नाव नोंदवलं होतं. विषय होता एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कथांमधल्या लपवलेल्या लैंगिक प्रतिमा, आणि त्या प्रतिमांतून केलेली समाजाची टिंगल. तुमचे मार्गदर्शक म्हणाले, “शीर्षकातलं ‘लैंगिक’ काढा आणि ‘गार्हस्थ्य’ घाला. लग्न झालेल्या बाईच्या प्रबंधावर ते बरं दिसत नाही.” तुम्ही घातलंत. मग ऋचा तीन वर्षांची असताना दादाच्या मागे इथे आलात आणि ‘गार्हस्थ्य’ तेवढं उरलं. हे वाक्य तुमचंच आहे, मी वापरतो आहे.

दादा जाऊन चार-पाच वर्षं झाल्यावर एक दिवस तुमचा फोन आला. “भाऊजी, तुम्हाला मोजायला आवडतं ना? माझ्याकडे मोजण्यासारखं काही आहे.”

खोक्यात त्या अमेरिकन कथांपैकी बारा गोष्टी होत्या. तुम्हाला प्रबंध नको होता, आता मराठीत एक लहानसं पुस्तक करायचं होतं. वर ऋचाचा मोठा मुलगा घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून आपण तुमच्या ब्लॉकखालच्या कोपीटियाममध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या उपाहारगृहात, बसायचो. पुंगोलहून सकाळची बस पकडून मी पावणेनऊला पोचायचो, दोन कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाच्या कॉफ्या, घ्यायचो, आणि तुम्ही टेबल अडवायला टिश्यूचं पुडकं ठेवून बसलेल्या असायचात. तुम्ही वाचायचं, मी मोजायचं. कुठली वस्तू किती वेळा येते, तिला कोण हात लावतं, कोण नुसतं बघतं. असे एक्कावन्न शनिवार झाले. आकडा मला शोधावा लागला नाही, वहीत आहे.

पहिल्याच शनिवारी माझी हरकत होती. मी म्हटलं, “हे अर्थ तुम्ही बाहेरून आणत नाही आहात कशावरून?”

“कसं सिद्ध करू?”

“आमच्याकडे नियम आहे. बिघाड एकदा दिसला तर नोंद करायची. दोनदा दिसला तर शंका घ्यायची. तिसऱ्यांदा दिसला की लाइन थांबवायची. गोष्टीत तीन वेगवेगळ्या खुणा दाखवा, मी मानतो.”

“म्हणजे गोष्टीतल्या बाईने तुमच्यासाठी तीनदा मरायचं का?”

“मरायचं नाही. खूण द्यायची.”

“बरं, इन्स्पेक्टरसाहेब,” तुम्ही म्हणालात. तेव्हापासून मी इन्स्पेक्टरसाहेब झालो.

पंपाची गोष्ट मी शेवटपर्यंत मानली नाही. एका गावात चर्चचे पाच वडीलधारे चौकात पाण्याचा नवा पंप बसवायचं ठरवतात. सोळा पानांतली नऊ पानं दांडा किती लांब असावा यावर जातात. प्रत्येक म्हातारा आपल्या तरुणपणीच्या पंपाची लांबी सांगतो. पंप बसतो, पाचही जण आळीपाळीने दांडा हलवतात, पाणी काही येत नाही. बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या असतात. त्या काही बोलत नाहीत. मागच्या बाजूने एकेक जण ओढ्यावर जाते, पाणी भरून येते आणि येऊन पंपाचं कौतुक करते.

“पंप म्हणजे पंप,” मी म्हणालो.

“आणि ओढा?”

“ओढा म्हणजे ओढा.”

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. “तुमच्या नीताची कमाल आहे हो. तेवीस वर्षं संसार करतेय.”

मी लाजलो, पण तक्ता मात्र केला. पाच म्हाताऱ्यांची वयं एका बाजूला, त्यांनी सांगितलेल्या लांब्या दुसऱ्या बाजूला. जसं वय वाढत जातं तशी लांबी वाढत जाते, एकही अपवाद नाही. तो तक्ता बघून तुम्ही इतक्या हसलात की शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजोबांनी काठी बाजूला घेतली. मग डोळे पुसून म्हणालात, “बायकांच्या पाण्याचा निर्णय ज्यांच्या हातात होता त्यांच्यावर आहे ती गोष्ट. तुम्ही हसलात ना? झालं तर मग.” मी दोन खुणा दिल्या. वहीत अजून ‘शंका’ असंच आहे. ते मी बदलणार नाही, तुम्हालाही तसं आवडलं नसतं.

बरण्यांची गोष्ट वेगळी होती. तिच्यात हसायला काही नव्हतं.

बंदराच्या गावातला एक व्यापारी. त्याची बायको दर शरदात एका आंबट फळाचा लाल मुरांबा करते. नवऱ्याची अट अशी की पाक बरणीत तोच ओतणार आणि तोंडाला फडकं तोच बांधणार. दरवर्षी फळीवर एक बरणी वाढते. पाहुणे येतात, मुरांबा खातात, भरलेल्या फळीचं कौतुक करतात. फळी मधोमध वाकत जाते. बाई पहिल्या पानावर सात वाक्यं बोलते, मधल्या पानांवर तीन, आणि पुढे एकही नाही. अकराव्या शरदात फळी मोडते. लाल पाक उंबऱ्यापर्यंत वाहत जातो. मोलकरीण दोन दिवस जमीन घासते. गावच्या पत्रकात छापून येतं की बाई घरकामाच्या श्रमाने वारल्या. शेवटच्या ओळीत नवरा सुताराला सांगतो, या वेळी जरा जाड फळी घाल.

सबंध गोष्टीत कुठेही मूल नाही, बाळंतपण नाही, खाट नाही. ज्या मासिकांत ती छापली जायची त्यांत ‘गरोदर’ हा शब्दही चालत नसे, असं तुम्ही सांगितलंत. मी म्हटलं, बरण्या ही एक खूण, पाक ओतणं ही दुसरी, तिसरी कुठे आहे? तुमच्याकडे नव्हती. ती मला सापडली. पहिल्या पानावर नाश्त्याला दोन चमचे मांडलेले आहेत. शेवटच्या पानावर, बाई गेल्यानंतरच्या सकाळी, मोलकरीण बारा चमचे मांडते. अकरा बरण्या, अधिक नवरा.

तुम्ही पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलंत. बोट ठेवून स्वतः मोजलंत. “सत्तावीस वर्षं,” तुम्ही म्हणालात. “सत्तावीस वर्षं मी ही गोष्ट वाचतेय, भाऊजी, आणि चमचे मोजले नाहीत.” मग उठून दोघांसाठी नारळाच्या जॅमचा काया टोस्ट आणलात. मला माझ्या नोकरीत कुणी इतक्या आनंदाने काही खायला घातलेलं नाही. तो विसावा शनिवार होता.

विसावा म्हणजे तुमचं रक्त जायला लागून अडीच महिने झाले होते.

मी वही परत वाचली आहे. तिच्यात गोष्ट, पानं आणि वेळ यांच्याशिवाय कडेला एक रकाना आहे, ‘व्यत्यय’. नवव्या शनिवारी तिथे लिहिलं आहे: ‘वहिनी तीनदा उठल्या. बारा मिनिटं गेली.’ चौदाव्या शनिवारी: ‘चारदा. एकोणीस मिनिटं.’ पुढे एकदा: ‘घरून उशी आणली. खुर्ची टोचते म्हणाल्या.’ त्याच पानावर लिहिलं आहे की यापुढे मधे पंधरा मिनिटांची सुट्टी ठेवावी म्हणजे वाचन तुटणार नाही. हे मी लिहिलं आहे. अक्षर माझं आहे. तुम्ही त्या दिवसांत फिक्या रंगाचे कपडे घालणं सोडलंत, हे वहीत नाही, पण मला दिसलं होतं. तुम्ही तीन खुणा दिल्या होत्या. मोजल्या तर सातापर्यंत जातात. कारखान्यात इतक्या दिसल्या असत्या आणि मी लाइन थांबवली नसती तर मला घरी पाठवलं असतं, आणि ते बरोबर झालं असतं.

एकतिसाव्या शनिवारबद्दल आता लिहायला हवं.

तुम्ही उठलात आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर डाग होता. त्या दिवशी उशी विसरला होतात. तुम्ही वळून बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत. “बांडुंग सांडलं वाटतं कुणाचं तरी,” म्हणालात. बांडुंग म्हणजे इथलं गुलाबाचं सरबत घातलेलं दूध. आपण येऊन सव्वा तास झाला होता, त्या खुर्चीवर त्या वेळात तुमच्याशिवाय कुणी बसलं नव्हतं. आपल्या टेबलावर दोन कोपी-ओ होत्या, मीच आणलेल्या. आणि बांडुंगचा रंग कसा असतो ते मला माहीत आहे.

मी म्हणालो, “हो का.” आणि फोन बघायला लागलो.

तुम्ही पुडक्यातले टिश्यू काढून खुर्ची पुसलीत. खाली वाकताना टेबलाला धरलंत. मग पिशवी मागे धरून लिफ्टकडे गेलात आणि कपडे बदलून वीस मिनिटांनी परत आलात. आपण पुढचं पान वाचलं. ‘व्यत्यय’ या रकान्यात त्या दिवशी काही लिहिलेलं नाही. बाकी सगळ्या शनिवारी आहे.

पुढे वीस शनिवार तसेच गेले. मग एका मंगळवारी तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि ऋचाने अँब्युलन्स बोलावली. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? तुम्ही म्हणालात, थोडे दिवस. दुसऱ्या दिवशी ऋचाला खरं सांगितलंत. तोवर ते गर्भाशयातून बाहेर, यकृतापर्यंत गेलं होतं.

वॉर्डमध्ये तुम्हाला भेटायला आलो तेव्हा मला कुठे बघावं ते कळत नव्हतं. तुम्हीच सुरुवात केलीत.

“पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला हसू आलं, भाऊजी. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती. म्हटलं, म्हातारपणी हे काय नवीन.”

तुम्ही ‘पाळी’ हा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारलात. पंपावर आणि बरण्यांवर एवढ्या गप्पा मारून झाल्यावर.

“मग डॉक्टरकडे का नाही गेलात?”

“ऋचाचं बाळंतपण होतं. मग बाळ लहान होतं. मग वाटलं, एवढं आठवं प्रकरण हातावेगळं करू. कारणं काय, शोधली की सापडतात.” मग सलाइनची नळी सरळ केलीत. “एकदा तुम्हाला सांगावंसं वाटलं होतं. त्या दिवशी, खाली. पण तुम्ही फोनवर काहीतरी महत्त्वाचं बघत होतात.”

वहिनी, फोन बंद होता. बॅटरी संपली होती. काळ्या काचेकडे बघत बसलो होतो. हे मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतर चार महिने मिळूनही सांगितलं नाही. आता सांगतो आहे, याचा तुम्हाला काही उपयोग नाही हे मला कळतं.

आपला एक वाद अर्धा राहिला. मी म्हणायचो, त्या लेखकांना सरळ सांगायला काय झालं होतं? तुम्ही म्हणायचात, सरळ सांगितलं असतं तर छापलं नसतं. लपवलं म्हणून पाद्र्याच्या बायकोने ते पाद्र्यासमोर दिवाणखान्यात मोठ्याने वाचलं. तिला कळलं, त्याला कळलं नाही, आणि गंमत त्याच्यावर झाली. आपल्या बायकांनीही जात्यावर बसून काय काय सांगितलं, आणि ऐकणारा म्हणाला, गळा गोड आहे. मी विचारायचो की ज्याला टोचायचं त्याला टोचलंच नाही, तर फळी तशीच राहिली ना? बाईला काय मिळालं? तुम्ही म्हणायचात, “ज्याला कळायचं त्याला कळतं, भाऊजी. कधीतरी कुणाला तरी कळतं. तेवढ्यावर लिहायचं असतं.”

तर या वादात आता माझी एक भर आहे. मला कळलं होतं. त्या खुर्चीकडे बघताना मला पूर्ण कळलं होतं. नियमही माझाच होता. मोठ्या भावाच्या बायकोला मी कुठल्या शब्दांत विचारायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी कळलं नाही असं केलं. पाद्री मूर्ख होता असं तुम्ही धरून चालला होतात. तो मूर्ख नसेलही. त्यालाही दिवाणखान्यात बसून सगळं कळत असेल आणि तो दिव्याची वात बघत बसला असेल. हे तुमच्या आठव्या प्रकरणात कुठेतरी यायला हवं होतं.

रागही आहे, तो लपवत नाही. तुम्ही दुसऱ्या देशातल्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या बायांची गाऱ्हाणी पानापानावर शोधलीत आणि स्वतःच्या बाबतीत बांडुंग म्हणालात. माझ्याशी नसेल बोलायचं, ऋचाशी बोलायचं. नीताशी बोलायचं. नीता तर दर दसऱ्याला तुमच्या शेजारी बसून पुऱ्या लाटायची. डॉक्टर म्हणाले, लवकर आल्या असत्या तर पुष्कळ करता आलं असतं. हे वाक्य मी ऐकलं तेव्हा मला तुमच्या खांद्याला धरून हलवावंसं वाटलं. तुमचं वजन तेव्हा अडतीस किलो होतं.

आणि तरी तुमचे उपकार आहेत. मी बावन्न वर्षांत गोष्ट म्हणून काही वाचलं नव्हतं. एखादी वस्तू कुठे ठेवली आहे, एखादी बाई कुठल्या पानापासून बोलेनाशी होते, हे बघायला तुम्ही शिकवलंत. मागच्या आठवड्यात आमच्याकडे एका अहवालात ‘किरकोळ अस्वस्थता, कामगार घरी गेली’ असं लिहून आलं. पूर्वी मी सही केली असती. या वेळी फोन करून तिला विचारलं, काय झालं होतं? तिने सांगितलं. मोठं काही नव्हतं. पण मी विचारलं.

तुमचा शेवटचा शब्द मला दिलेला नव्हता, तो ऋचाला दिलात, आणि ते तसंच असायला हवं. मला दिलेली विनंती त्याच्या नऊ दिवस आधीची आहे. तुम्ही मला बरण्यांच्या गोष्टीचं शेवटचं पान वाचायला सांगितलंत. पत्रकातल्या ओळीपाशी, घरकामाच्या श्रमाने बाई वारल्या, तिथे हात वर केलात.

“माझं असं करू नका हं.”

“नाही करणार.”

“नक्की?”

“नक्की.”

नर्स आली, भेटण्याची वेळ संपली. आणि नऊ दिवसांनी लिफ्टसमोर माझ्या अंगठ्याने ‘अल्पशा आजाराने’ लिहिलं. लोकांचे हात जोडलेल्या चित्रांचे निरोप येत राहिले. कुणीही काही विचारलं नाही. विचारू नये म्हणूनच तो शब्द असतो.

तर आता नीट लिहितो. सुलभावहिनींना गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता. पाळी गेल्यानंतर नऊ वर्षांनी त्यांना योनीतून रक्तस्राव सुरू झाला. त्यांनी तो दहा महिने लपवला आणि त्यांच्या दिराने तो दिसूनही न दिसल्यासारखा केला. पाळी गेल्यावर असं रक्त एकदा जरी दिसलं तरी डॉक्टरकडे जायचं असतं. तीन वेळा वाट बघायची नसते. वाचणाऱ्या बायकांपैकी कुणाला असं होत असेल तर तिने हा अंक खाली ठेवावा आणि आधी वेळ घ्यावी. वाचणाऱ्या पुरुषांना मी काय सांगणार?

आक्का दोन-तीन महिने बोलणार नाही. चालेल. तुमची सात प्रकरणं पूर्ण आणि आठवं अर्धं, हे मी आणि ऋचा जसंच्या तसं छापणार आहोत. शीर्षकात तुम्ही पहिल्यांदा लिहिलेला शब्दच राहील.

हा लेख काल दुपारी मी नीताला वाचून दाखवला. ती जेवणाच्या टेबलावर गवार मोडत होती. बांडुंगपाशी तिचे हात थांबले, मग पुन्हा सुरू झाले.  संपल्यावर मी कागद नीट लावले, आणि विचारलं, “तुझं सगळं ठीक आहे ना?”

“ठीक म्हणजे?”

एरवी मी इथे ‘काही नाही’ म्हणालो असतो. या वेळी नीट विचारलं, शब्द वापरून. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हे शब्द मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. माझे कान तापले.

नीता माझ्याकडे बघत राहिली. “वहिनींना विचारायचं ते मला विचारतोयस,” ती म्हणाली.

“हो.”

तिने गवारीची परात बाजूला सरकवली. बराच वेळ गेला, किती ते मी बघितलं नाही. मग तिने सांगितलं. काय सांगितलं ते तिचं आहे, ते मी इथे लिहीत नाही. गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली आहे. मी रजा टाकली.

“आत येऊ का मी?” मी विचारलं.

“येणार असशील तर शेवटपर्यंत बसायचं,” नीता म्हणाली. “मधेच पाणी आणायला म्हणून उठायचं नाही.”

“बसेन,” मी म्हटलं.